फीमाफीच्या कागदावरचा बाप

माझी बायको गेली, त्याला आता वर्ष होत आलं. तिच्या मातीला सगळ्यात मोठ्यानं रडला तो तिचा भाऊ. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. मला लवकर रडू येत नाही, अन त्याला रडताना बघून तर आलेलं रडू माघारी गेलं. मला त्या माणसाचा हेवा वाटतो. तेव्हा वाटायचा, आता आम्ही दोघं म्हातारे झालो, काठ्या हातात आल्या, तरी वाटतो. दवाखान्यात तिच्या उशाशी मी बसलो होतो. पाणी मी पाजत होतो. डोळे उघडून ती विचारायची काय, तर "भाऊ आला का?"

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. लिहिताना चुकलं तर चुकलं. पण हा हेवा कशावरून पक्का झाला ते मला नीट आठवतं. पोराच्या कॉलेजच्या फीमाफीवरून झाला.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता. आमचं गाव अहमदपूरच्या अंगाला. आधी जिल्ह्याच्या कामाला उस्मानाबादेपर्यंत हेलपाटा पडायचा, आता लातूर. नव्या कचेऱ्या निघाल्या, भाड्याच्या घरांत थाटल्या, बाहेर ताज्या रंगाच्या पाट्या लागल्या. माझा मेव्हणा पाटबंधारे खात्यात कारकून. तो बदली होऊन लातुरात आला, अन त्याच उन्हाळ्यात आमचं एकुलतं एक पोरगं बारावी पास झालं. मग ठरवायचं काय राहिलं? आमच्याकडं पोराला शिकायला मामाच्या घरी ठेवताना कुणी कुणाला विचारत नाही. पोराची पत्र्याची पेटी मामाच्या घरी गेली, पोरगं पेटीमागं गेलं.

मेव्हण्याला मूलबाळ नव्हतं. गावात पारावर कुजबुज होती की भाच्याला दत्तक घेणार. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण मी आलो की विषय बदलायचा, त्यावरून कळायचं.

दुष्काळ होता. पावसानं लागोपाठ दगा दिला होता. चार एकर कोरडवाहूत काही उगवत नव्हतं, म्हणून आम्ही नवराबायको रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहायचो. बाजारच्या दिवशी मी अहमदपूरच्या अडतीवर हमाली करायचो. तेव्हा अडतीवर बी पोती कमी अन हमाल जास्त. पोराच्या अॅडमिशनला मी गेलो नाही, मेव्हणा गेला. त्यानंच अर्ज भरला, त्यानंच सह्या केल्या.

पोरगं सुट्टीला यायचं तेव्हा त्याचा भांग मामासारखा असायचा. खिशाला पेन. दर वाक्याला "मामा म्हणतात". मामा म्हणतात पाणी उकळून प्यावं. मामा म्हणतात रेडिओवर बातम्या ऐकाव्यात. ही चुलीपुढं बसून कौतुकानं ऐकायची. मी एकदा म्हणालो, सूर्य कुठून उगवतो ते बी मामानंच सांगितलं का? ती म्हणाली, तुम्हाला पोराचं बरं बघवत नाही. पोराचं बघवत होतं. मामाचं बघवत नव्हतं.

त्या वर्षी येळवसला मेव्हणा पोराला घेऊन आमच्या शेतात आला. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी सगळं गाव रानात असतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करायची, आत पाच दगडांचे पांडव चुना लावून मांडायचे, अन भज्जी, म्हणजे रानातल्या सगळ्या भाज्यांची एकत्र भाजी, बाजरीचे उंडे, आंबील खायची. ज्वारी गुडघ्याएवढी, कणसात दाणा नाही. पण येळवस चुकवायची नाही म्हणून हिनं बाजारातून वाटाणा, हरभरा, पातीचा कांदा विकत आणून भज्जी केली. जी भाजी रानातच फुकट मिळायची ती विकत आणून रानात नेली. आंबिलीचा पहिला तांब्या तिनं भावापुढं ठेवला. मी शेतमालक, अन मला दुसरा.

जेवण झालं, पानं खाल्ली, मग मेव्हणा म्हणाला, "दाजी, एक सांगायचं राहिलं. पोराची सवलत नामंजूर झाली."

सवलत म्हणजे ईबीसी. आई-बापाचं उत्पन्न सरकारनं ठरवलेल्या मर्यादेच्या आत असलं तर कॉलेजची फी माफ. मी म्हणालो, आमच्यापेक्षा गरीब अजून कोण सापडला त्यांना? मेव्हणा सुपारी चघळत राहिला. पोरानंच खाली बघून सांगितलं की अर्जावर पालक म्हणून मामांनी स्वतःचं नाव टाकलं, अन मामांचा पगार मर्यादेच्या वर आहे. कॉलेजनं दुरुस्तीला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे.

मेव्हणा म्हणाला, पोरगं माझ्या घरी राहतं, माझ्या घरी जेवतं, मला वाटलं मीच पालक. त्यात त्याचं काही खोटं नव्हतं, आमच्याकडं कुणीही असंच लिहिलं असतं. मग म्हणाला, "जाऊ द्या, दाजी. तुम्ही कशाला दगदग करता? फी मी भरून टाकतो. भरलीच असती, पण हा म्हणला आधी दादाला, म्हणजे तुम्हाला, सांगा."

ही लगेच म्हणाली, "भरू द्या की त्याला. त्याला तरी दुसरं कोण हाय?"

"अन मला कोण हाय?" मी म्हणालो.

मला सरळ दिसत होतं. यंदा फी मामानं भरली की पुढच्या साली पण तोच भरणार, मग लग्न तोच ठरवणार, अन एक दिवस माझ्या घरी पाव्हणा येतो तसं पोरगं येणार.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही, तलाठ्याकडं गेलो. सगळं सांगितलं. तलाठी हसला. म्हणाला, पोरगं कुठं झोपतं अन कुणाच्या ताटात जेवतं हे सरकार विचारत नाही. बाप जिवंत आहे ना? मग उत्पन्न बापाचं धरतात. मामानं कितीही जीव लावला तरी मामाचा पगार पोराला लागू होत नाही, अन सवलत मिळणं हा पोराचा हक्क आहे, कुणी उपकार करत नाही. मग त्यानं अजून एक सांगितलं. गावाची पैसेवारी, म्हणजे पिकाचा अंदाज, पन्नास पैशाच्या आत आली होती. दुष्काळी गावातल्या शेतकऱ्याच्या लेकराला परीक्षेची फी पण माफ असते. त्याचा दाखला तोच देणार होता.

"मामाच्या नावावर हे मिळालं असतं का?" मी विचारलं.

"मामा पगारदार, राहायला लातुरात. त्याला कुठला आलाय दुष्काळ?"

खोटं कशाला लिहू, त्या दिवशी मला दुष्काळाचा आनंद झाला. जे मेव्हण्याकडं नव्हतं असं काहीतरी माझ्याकडं निघालं. त्याचा पगार, त्याचा रेडिओ, त्याचं उकळलेलं पाणी, सगळं एकीकडं. माझं जळालेलं शिवार एकीकडं, अन कॉलेजात चालणार होतं ते शिवार.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसिलीत मोठी रांग होती. पुढचा माणूस भोकरकडचा जावई, इथं सासऱ्याच्या कामाला आलेला. तो म्हणाला, काका, नुसती शेती सांगा, हमाली कशाला सांगता? कोण बघायला येतंय? मी हमाली पण सांगितली, आम्हा दोघांची रोजगार हमीची मजुरी पण सांगितली. सगळं मिळूनही मर्यादेच्या खालीच होतं. पण खाली असो की वर, लपवायचं नाही. माहिती खोटी निघाली तर सवलत बंद होते, दिलेली फी वसूल करतात, अन नाव खराब होतं ते पोराचं, कारण अर्जावर सही त्याची असते. माझं कारण अजून एक होतं. मेव्हण्याला बोट दाखवायला जागा ठेवायची नव्हती.

दाखले घेऊन मी लातूरला गेलो. कॉलेजच्या खिडकीपाशी मेव्हणा अन पोरगं आधीच उभे होते. मेव्हण्यानं रजा काढली होती. पोराच्या अंगात नवा स्वेटर, विणलेला. मामीनं विणला असणार. मी धोतराची धूळ झटकली अन त्या दोघांच्या मधे जाऊन उभा राहिलो.

आतला कारकून जाड चष्म्याचा. त्यानं जुना अर्ज काढला अन विचारलं, "पालक मामा. म्हणजे वडील वारले?"

"मी वारलो न्हाई," मी म्हणालो. "अजून तरी."

रांग हसली. कारकून हसला नाही. त्यानं मेव्हण्याकडं बघून विचारलं, "भाच्याला दत्तक घेतलंय का? कागद झालाय?"

मी मेव्हण्याच्या तोंडाकडं बघत होतो. पारावरची ती कुजबुज खरी होती का नव्हती, ते मला त्या तोंडावर वाचायचं होतं. गळ्याशी हात नेऊन त्यानं शर्टाचं वरचं बटण लावलं, जे आधीच लावलेलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला. "पोरगं फक्त राहायला हाय माझ्याकडं."

"राहतं म्हणून पालक होतंय व्हय? आमच्या घरमालकाचं मांजर माझ्या घरी राहतंय. त्याचं रेशनकार्ड काढू का मी?"

यावर मात्र मी पण हसलो. मेव्हण्याचे कान लाल झाले. कारकुनानं त्याला कोरा कागद दिला अन लिहायला सांगितलं की मी पालक नाही, पहिला अर्ज गैरसमजानं भरला. मेव्हण्याचं अक्षर मोत्यासारखं, सरकारी खात्यातलं. पण त्या दिवशी ओळ खाली खाली उतरत गेली. मी खिडकीच्या दांड्याला धरून उभा होतो, अन मला गोड वाटत होतं.

मग पोराला नवा अर्ज दिला. कारकून म्हणाला, सही करायच्या आधी खालचं मोठ्यानं वाच. पोरं न वाचता सह्या करतात अन मग बोंबलत येतात. ही सवलत एकदा मिळाली म्हणजे जन्माची नाही, दर साली नवा दाखला लागतो. नापास झालास तर गेली. हजेरी कमी पडली तर गेली. घरचं उत्पन्न वाढलं तर तूच येऊन सांगायचं.

पोरानं कागद वर धरला अन वाचलं. "माझे वडील हयात असून मी सर्वस्वी त्यांच्यावर अवलंबून आहे."

घरी ते मला दादा म्हणायचं. वडील म्हणून त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. अवलंबून हा शब्द मला येत नव्हता असं नाही. मी म्हणालो, "इथं गलका लई हाय. पुन्हा वाच." त्यानं पुन्हा वाचलं. मला पहिल्या वेळेलाच नीट ऐकू आलं होतं. दुसऱ्यांदा वाचायला लावलं ते मेव्हण्यासाठी.

त्यानं सही केली. पालक लिहिलं होतं तिथं मी माझं नाव लिहिलं, एक एक अक्षर जोडून. रांगेतल्या लोकांनी चुळबुळ केली तरी घाई केली नाही. कारकुनानं शिक्का मारला.

बाहेर कडुलिंबाखाली मेव्हण्यानं सायकलीचं कुलूप काढलं, पण निघाला नाही. म्हणाला, "दाजी, नाव काढलं मी. पण आता पोराला घेऊन जातो असं म्हणू नका."

मी येताना तेच ठरवून आलो होतो. वसतिगृहात ठेवायचं, खानावळीत जेवेल, पण मामाकडं नको. पोरगं दोघांकडं आळीपाळीनं बघत होतं. सायकलीच्या मागच्या कॅरियरवर त्याची दोन पुस्तकं दोरीनं बांधलेली होती, ती दोरी मेव्हण्यानं सकाळी बांधली असणार, कारण गाठ त्याची होती, कारकुनी, दुहेरी.

"राहू द्या," मी म्हणालो. "पण दर सालचा दाखला मीच आणणार. तुम्ही तहसिलीत पाऊल टाकायचं न्हाई."

"न्हाई टाकत," तो म्हणाला.

ते दोघं एका सायकलीवर गेले. मी स्टँडवर नांदेडकडं जाणाऱ्या गाडीची वाट बघत बसलो. शिक्का माझ्या नावावर पडला होता अन पोरगं त्याच्या कॅरियरवर बसून गेलं होतं. यात कोण जिंकलं ते मला त्या स्टँडवर सुधरलं नाही.

घरी येऊन मी हिला म्हणालो, फीमाफी झाली. परीक्षेची पण माफ झाली. माझ्या नावावर झाली. तिनं भाकरी तव्यावर टाकली अन विचारलं, "भाऊला लोकांपुढं खाली बघावं लागलं का?"

मी हो म्हणालो. भाकरी जळाली, ती तशीच जळकी तिनं मला वाढली.

पुढं पोरगं पदवीधर होईपर्यंत दर जूनला मी दाखला घेऊन लातूरला जायचो. ज्याचं लेकरू शिकतंय त्यानं हे काम दुसऱ्यावर टाकू नये. तहसिलीत आपण जावं, खरं ते सांगावं, मुदतीच्या आत जावं. मी कधी मुदत चुकवली नाही. पहिल्या वर्षीच्या जूनला निघालो तेव्हा हिनं भावासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून फडक्यात बांधून दिली. घरी दाणे नव्हते, शेजारणीकडून उसने आणले होते. मला आठवत नाही तिनं माझ्यासाठी कधी उसने दाणे आणलेले. लसणाचा वास गाडीभर सुटला. चाकूरच्या पुढं गेल्यावर मी गाठ सोडली अन नुसतीच, भाकरीशिवाय, अर्ध्याच्या वर खाऊन टाकली. उरलेली मेव्हण्याच्या हातात ठेवली अन म्हणालो, बहिणीनं एवढीच दिली.