धिंगाण्याचा अर्थ

तमाशातल्या मारामारीला लोक धिंगाणा म्हणतात, धुडगूस म्हणतात, धांगडधिंगा म्हणतात. म्हणोत बापडे! पण एका शाळामास्तरानं त्या शब्दांचे अर्थ वहीत उतरवले, त्याचा राग मला अजून येतो.

माझा थोरला भाऊ सोलापुरात गिरणीत मागावर होता, आणि सुट्टीच्या दिवशी तमाशात सोंगाड्या. त्याला मारायचं काम माझं. मारायचा बांबू एका टोकाला चिरलेला असे. आवाज फाडकन व्हायचा, अंगाला मात्र लागायचं नाही. चीर पुढं जाऊ नये म्हणून तिथं सुतळी गुंडाळलेली. हा बांबू परक्याच्या हाती द्यायचा नाही, असा आमचा नेम होता.

मास्तर शब्द गोळा करत हिंडायचे. कुंभारी गावच्या जत्रेत, भर दुपारी, खेळ चालू असतानाच आमच्यापुढं येऊन बसले. "धांगडधिंगा हा शब्द आला कुठून रे?"

दादा म्हणाला, "हलगीतनं, मास्तर. कान देऊन ऐका की, ती त्येच बोलती."

मास्तर हसले. "मला एक फटका मारू दे, म्हणजे अर्थ नीट कळेल."

शिकलासवरलेला माणूस, नाही कसं म्हणायचं? मी बांबू दिला. अक्कल शेण खायला गेली होती माझी!

त्यांना सुतळीच मूठ वाटली, बांबू उलटा धरला. भरीव टोक दादाच्या उजव्या खांद्यावर बसलं. हाडाचा कटकन आवाज मी ऐकला. दादानं ओरडून कोलांटी घेतली. लोक हसून लोळले, मास्तरही.

चौथ्या दिवशी मास्तर वही घेऊन चाळीत आले. दादाचा हात झोळीत होता, आणि त्याचा माग त्याच सकाळी दुसऱ्याला दिला होता. हाताकडं बघून मास्तर म्हणाले, "कुठं पडलास काय रे?" मारणाऱ्याला ठाऊकसुद्धा नाही! मग वाचायला लागले, "धिंगाणा म्हणजे अडाणी लोकांची खोटी मारामारी. यात कोणासही इजा होत नाही."

माझं टाळकं सडकलं. मी वही ओढायला धावलो, तर दादानं डाव्या हातानं मला धरलं.

"ऱ्हाऊ दे. बरोबर लिवलंय त्येंनी. तू मारत हुतास तवर लागलं व्हय कदी?"

मास्तरांनी मान डोलावली आणि पुढचा शब्द विचारला.