पोच देणारा सेट

त्याला सगळे बिनतारी म्हणत. पाळण्यातलं नाव फक्त आईला ठाऊक, आणि रागावली की तीही बिनतारीच म्हणे! हौशी रेडिओवाल्यांसाठी सेट बनवायचे हा त्याचा धंदा कमी आणि खूळ जास्त. बायको म्हणायची, "माझ्या हाकेला ओ देत नाही, पण डोंगरापलीकडे खुट्ट झालं की याचे कान टवकारतात." खोटं नव्हतं ते.

त्याच्या सेटवरून बोलता यायचं, शिवाय टाइप केलेला मजकूरही पाठवता यायचा. मजकूर मिळाला की सेट आपणहून उलट कळवायचा: पोचलं. ही युक्ती त्याने काढली थोरल्या भावासाठी. दादा डोंगरमाथ्यावरच्या हवामान चौकीत एकटा राहायचा, आणि उत्तर द्यायचा त्याला भारी कंटाळा. इकडे वहिनीच्या जिवाला घोर. सेट पोच देऊ लागला आणि वहिनी निवांत झाली. बाकीचे रेडिओवालेही खूश. येता-जाता दादाच्या सेटला हाक मारायची, पोच घ्यायची, खेळच झाला तो.

मग वादळ आलं. आभाळ भरून राहिलं ते राहिलंच, आणि एका सकाळी डोंगराचा एक भाग ढासळला. "दादा, बरा आहेस ना?" बिनतारीने पाठवलं. पोचलं.

वहिनी मटकन खुर्चीत बसली. "देव पावला!"

बिनतारीचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. पोच सेट देतो, माणूस नाही. समोर दादा असो की रिकामी खोली, सेटला काय त्याचं? हे बिनतारीपेक्षा जास्त कोणाला कळणार? तरी त्याने पुन्हा विचारलं. तो शब्द पडद्यावर दिसला की घटकाभर बरं वाटायचं. मेलं व्यसनच ते!

दुपारी बचाव पथकाचा प्रमुख आला. चिखलाने माखलेला, घाईतला माणूस. "वर जायला दोनच वाटा. ओढ्याची नाहीतर कड्याची. त्यातली एक खचलीय, पण धुक्यात खालून काही कळत नाही. तुमच्या भावाला वरून दिसेल. वाट चुकली तर माझी माणसंही जातील."

झालं! बिनतारी विचारत सुटला. त्याचं ऐकून चहूकडचे रेडिओवालेही विचारू लागले. सगळ्यांना पोच मिळत होती. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं हो.

"भावजी, पडद्यावरची ही रेघ आखूड का होत चाललीय?" वहिनीने विचारलं.

बिनतारीने पडद्याकडे पाहिलं. दादाच्या सेटचा जोर कमी होत चालला होता. वर सूर्य नाही, उन्हावर भरणारी बॅटरी भरत नाही, आणि प्रत्येक पोच बॅटरीतला घासभर जीव खाऊन येते. हे आधी का नाही सुचलं? तो माइकवर ओरडला, "कुणीही त्याला हाक मारू नका! अजिबात नाही!"

सगळ्यांनी हाका थांबवल्या. बराच वेळ नुसती खरखर. आणि मग टक्क... टक्क. मोर्सची चावी. अडखळत, पण दादाचाच हात! त्याची ती टकटक बिनतारीने लहानपणापासून ऐकलेली.

"बेशुद्ध पडलो होतो," तो मोठ्याने वाचू लागला. "पाय मोडलाय." वहिनीने त्याचा खांदा घट्ट धरला. "पथकाला सांग... ओढ्याची वाट..."

आणि खरखर.

त्याने बटणं फिरवली, कान लावला, नुसता पुढे सरकून बसला. काही नाही. "विचारा ना परत!" वहिनी म्हणाली.

"वहिनी, बॅटरी संपली. मीच संपवली हो, विचारून विचारून." तो हमसून हमसून रडला.

प्रमुखाने दोर खांद्यावर टाकला. बाहेर उजेड उतरू लागला होता. "ओढ्याची वाट धरा म्हणाला की सोडा म्हणाला?"

"तेवढंच आलं."

"तुमचा भाऊ तो. तुम्ही सांगा, कुठून जाऊ?"

दारात पथकातली सगळी माणसं उभी होती. वहिनी बिनतारीकडे बघत होती. त्याने डोळे पुसले आणि तोंड उघडलं.

"कड्याने जा," तो म्हणाला. "सगळं ठीक असलं की दादा कधी बोलायचा नाही; ओढ्याचं नाव काढलं म्हणजे तिथेच धोका आहे."