चुलीवरचं बियाणं

डोंगरावरच्या त्या गावात आता एकाच घरातून धूर निघे, अंबू ओनीच्या. मागल्याच साली गॅसच्या शेगड्या आल्या, तेव्हा बायांनी चुली सारवून त्यांवर फुलांच्या कुंड्या मांडल्या. बियाण्याच्या पेंढ्या मात्र रिवाजाप्रमाणे चुलीवरच टांगलेल्या राहिल्या. खाली चूल थंड, वर पेंढ्या. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

अंबू म्हणजे आई. पोटी मूल नव्हतं, तरी सगळं गाव तिला तेच म्हणे, कारण चाळीस वर्षं गावाचं बियाणं तीच निवडत आली होती. कापणीला मुठीत लपेल एवढा विळा घेऊन ती लोंबी न् लोंबी पारखायची. पूर्वजांचं भात विकायचं नाही आणि परकं पेरायचं नाही, हा गावाचा नेम. कोठारांत तीन वर्षं पुरेल एवढं भात होतं. त्या बळावर गाव निवांत झोपे.

झोप एकदाच उडाली होती, ती शहरातून परतलेल्या एंकुसमुळे. हा तिचा पुतण्या. जगातलं अन्न संपणार, शहरातली माणसं झुंडीनं डोंगर चढून येणार, असं त्यानं घरोघर सांगितलं. लोकांनी खड्डे खणून शेवयांची पाकिटं पुरली. पावसात खड्डे तुंबले, पाकिटं फुगून वर आली आणि रानडुकरांनी फस्त केली. तेव्हापासून गावात कसलीही काळजी बोलून दाखवायची सोय उरली नाही.

यंदा पेरणीआधी अंबूनं पाच घरांच्या आणि आपल्या पेंढीतले वीस-वीस दाणे ओल्या फडक्यांत बांधले. चौथ्या दिवशी सोडून पाहिलं. कुठे सहा उगवले होते, कुठे चार, एका फडक्यात एकही नाही. तिच्या स्वतःच्या पेंढीचे अठरा.

एंकुस म्हणाला, "सहा न् चार सांगून कोण ऐकतंय, अंबू? सांग, यंदा गाव उपाशी मरणार."

"यंदा नाही मरणार. कोठारं भरलेली आहेत."

"मग ऐकणारही नाहीत."

त्या पाच घरांची फडकी घेऊन ती गावप्रमुख अबाह सुकर्माच्या ओसरीवर गेली. अबाहनं दाणे बोटानं उलटेपालटे केले. शेजारच्या खोऱ्यातून थोडं बियाणं आणा, तिनं सांगितलं, आणि आजपासून चुली पेटवा, धुराविना बियाण्याला ओल न् कीड लागते.

"तीन वर्षांचं भात आहे की आपल्याकडे," अबाह म्हणाला.

"ते खायचं आहे, अबाह. जुनं झालंय, ते उगवायचं नाही."

"म्हणजे पुन्हा शेवया पुरायच्या का, अंबू?" मागून कुणीतरी विचारलं. ओसरी हसली. अबाहही हसला, पण त्यानं बोट फडक्याला पुसलं. परकं बी आपल्या मातीत पडणार नाही, एवढंच तो म्हणाला.

नेमल्या दिवशी, नेमल्या ताऱ्याखाली पेरणी झाली. अंबूनं आपली पेंढी खाली उतरवली नाही.

नवव्या दिवशीही रोपांचे वाफे काळेच होते. कुठेकुठे चार हिरवी टोकं, जसे टक्कल पडलेल्या डोक्यावर चार केस उरतात. अबाह स्वतः तिच्या दारात आला, त्याच्या मागे एंकुस. अबाहनं वर पाहिलं. धुरानं काळवंडलेली पेंढी लटकत होती.

"किती आहे?"

"एका वाफ्यापुरतं."

बाहेर कोठारं तट्ट भरून उभी होती. एंकुसचे ओठ आवाजाविना हलत होते. एका वाफ्याचं बी गावभर पुरायला लागतील ती वर्षं तो मोजत होता, हे अंबूला दिसलं.