साठवा, मग एकदाच वाजवा

“साठवा हो, साठवा! मग एकदाच वाजवा.”

हे तो कोणाला म्हणायचा, ठाऊक आहे? सख्ख्या बापाला.

सांगलीत माझं आणि त्याचं घर एकाच गल्लीत आणि नोकरीही एकाच कंपनीत, बंगळूरच्या. काम घरूनच. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पोटातलं, कर्नेलचं. मेमरीतलं कुठलं पान कुठं आहे, याचा तक्ता असतो आणि प्रोसेसरचा प्रत्येक कोर, म्हणजे स्वतंत्र काम करणारा भाग, त्यातल्या काही नोंदी जवळ धरून बसतो. तक्ता बदलला की हातचं काम थांबवून सगळ्यांना सांगायचं, जुनं विसरा. दर बदलाला असं थांबवलं तर काम व्हायचं कधी? म्हणून हा पठ्ठ्या बदल साठवायचा आणि एकदाच सांगायचा. त्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं, उगाच खोटं कशाला बोलू?

पण ते खूळ घरात शिरलं. त्याचे वडील, आबा, फौजेतून निवृत्त झालेले. एक बाजू लुळी पडून अंथरुणाला खिळलेले. काही लागलं की उशाजवळचा पेला भिंतीवर वाजवायचे. भिंतीपलीकडं हा. पाणी हवं, ठक. कूस बदलायची, ठक.

हा वैतागायचा. “आबा, दरवेळी उठवता मला! पाणी, कूस, पंखा, सगळं साठवा की.”

“बरं बाबा, साठवतो.”

एकदा मी बसले होते. आबांचे ओठ कोरडे पडलेले. मी पाणी पुढं केलं तर म्हणतात, “थांब पोरी. पाठ अजून दुखायची हाय. दोन्ही एकदमच मागतो.”

माझं डोकंच फिरलं. पलीकडं जाऊन म्हटलं, “अरे, बाप आहे का सर्व्हर?”

मेला हसला. “बघ ना, घर किती शांत झालंय!”

मग त्याचीच चूक त्याला नडली. जुनं पान दुसऱ्या प्रोग्रॅमला देण्याआधी सगळ्या कोरना कळवायचं, हा पहिला नियम. वेगाच्या नादात यानं पान आधी दिलं आणि कळवणं मागं ठेवलं. एक कोर जुन्याच पत्त्यावर लिहीत राहिला, दुसऱ्याच्या माहितीवर. गिऱ्हाइकाची यंत्रं बसली. कंपनीनं सांगितलं, घरून काम बंद, बंगळूरला येऊन राहा, नाहीतर नोकरी सोडा.

यानं आबांसाठी एक बाई ठेवली आणि बॅग भरली.

“आबांना सांगितलंस?”

“आत्ता सांगितलं तर रोज रडारड. तिकडं बस्तान बसू दे, मग सगळं एकदमच सांगतो.”

आणि मागच्या दारानं गेला. बापाच्या पाया पडायलासुद्धा आत आला नाही. मला इतका संताप आला की त्याला नीट जा म्हणायचंही सुचलं नाही.

परवा आबांसाठी उप्पीट घेऊन गेले. पेला हातात, पण वाजवत नव्हते.

बाई म्हणाली, “पाणी-बिणी माझ्याकडनं घेत्यात. बाकी दिवसभर गप.”

“आबा, काही हवंय का?”

“लय साठलंय, पोरी. त्येच्याशीच बोलायचं हाय.” त्यांनी भिंतीकडं मान वळवली. “पर लय दिस झालं, खुर्चीचा आवाज बी न्हाई. मोठ्या कामात दिसतोय.”

आता सांगूनच टाकते, म्हणून मी तोंड उघडलं. आबांनी घाईघाईनं ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. उठवू नगं त्येला.”