कुझ्माची मूठ

आमच्या गावात रेफरी जन्मतःच चोर असतो. तो कुठला, त्याची आई कोण, त्याने आजवर किती सामने नीट खेळवले, याची चौकशी कोणी करत नाही. त्याने काळा सदरा चढवला आणि गळ्यात शिट्टी अडकवली की काम झालं. रविवारी स्टेडियमवर त्याच्या घराण्याचा उद्धार होतो आणि सोमवारी, जहाजबांधणीच्या कारखान्याचा भोंगा झाला की, नेवेंकाच्या खानावळीत त्याच्यावर खटला चालतो. आरोपी कधीच हजर नसतो. त्यामुळे खटला रंगतो.

फिर्यादीच्या बाजूने स्तिपान. हा पोस्टमन. अख्खं गाव सायकलवरून पालथं घालत असल्यामुळे त्याच्या पोतडीत पत्रांपेक्षा बातम्या जास्त. उत्तरेकडची मोठी मंडळी रेफरी विकत घेतात, आणि आपला ‘ब्रोदार’ फुटबॉल संघ दुसऱ्या विभागातून वर जाऊ नये अशी राजधानीत व्यवस्था आहे, हे तो इतक्या खात्रीने सांगतो, की जणू तो कागद त्यानेच पोचवला. विरुद्ध बाजूला औषधांच्या दुकानाचा मालक लोव्रे. त्याचं म्हणणं एकच, की आपण वाईट खेळतो. हे म्हणायला आमच्या गावात छाती लागते. लोव्रेला ती आहे, कारण डोकेदुखीची गोळी दुसरीकडे मिळत नाही.

“काय हो औषधवाले, कालचा ऑफसाइड होता?”

“होता.”

“तुम्हाला चष्मा कोणी दिला?”

“ज्याने तुला तोंड दिलं त्याने.”

हे असं तासभर चालायचं. टीव्हीचा कॅमेरा दुसऱ्या विभागाच्या सामन्यांना येत नव्हता, तेव्हा पुन्हा बघून खात्री करायची सोय नाही. मग नेवेंका तळलेल्या सारडिन माशांची थाळी आपटायची आणि म्हणायची, “बस झालं. बार्बाला विचारा.”

बार्बा म्हणजे कुझ्मा. आमच्याकडे वयस्क माणसाला बार्बाच म्हणतात, पण नुसतं ‘बार्बा’ म्हटलं की त्या खानावळीत एकाच माणसाकडे माना वळायच्या. भिंतीजवळच्या बाकावर, पाणी घातलेल्या लाल वाइनचा पेला पुढे घेऊन तो बसलेला असायचा. उंच, हाडकुळा, पंजे फावड्याएवढे. तो ठार बहिरा होता.

जन्मापासून नव्हे. कारखान्यात तो जहाजांच्या तळातल्या लोखंडी टाक्यांमध्ये उतरून हवेच्या हातोड्याने जोड ठोकायचा. बंद पिंपात बसून पिंप वाजवण्यातला प्रकार. वीस वर्षं ठोकलं. कान झाकायला कारखाना कापूस द्यायचा, तोही मागितला तर. सेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरने त्याच्या कानाशी घंटी वाजवली आणि कुझ्मा खिडकीबाहेर बघत राहिला. त्याला पेन्शन देऊन घरी बसवलं.

मी त्याच कारखान्यात क्रेन चालवायचो. वर काचेच्या खोक्यात बसायचं आणि खालच्या माणसांचे हात वाचायचे, हे माझं काम. त्या गोंगाटात तोंडाचा उपयोग नाही. तळहात जमिनीकडे करून हळूहळू दाबला, की माल खाली ठेव, सगळं ठीक आहे. मूठ वर केली, की थांब, काहीतरी चुकलंय. मूठ दिसूनही जो थांबला नाही त्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नसत. आमच्या गावातल्या शाळकरी पोरीसुद्धा ही भाषा जाणतात, कारण बाप जेवताना बोलत नाहीत, हात करतात.

कुझ्मा निवाडा द्यायला लागला तो एका पेनल्टीपासून. आमच्या बॉक्समध्ये पाहुण्यांचा एक जण पडला आणि रेफरीने शिट्टी फुंकली. आम्ही हरलो. सोमवारी सगळे एकमताने चोर, चोर करत होते, तेवढ्यात भिंतीजवळून कुझ्माने हात पुढे केला आणि तळहात हळूच खाली दाबला. रेफरी बरोबर होता. त्या दिवशी तो बहिरा होता म्हणून वाचला, नाहीतर जे ऐकावं लागलं असतं त्याने माणूस गाव सोडून जातो. पण पुढे शरद ऋतूत आमच्याच बचावपटूने, माते श्कारोने, बहिणीच्या लग्नात चार पेले पोटात गेल्यावर कबूल केलं की त्याने त्या गड्याचा सदरा धरून ओढला होता.

तेव्हापासून शेवटचा हात कुझ्माचा. मूठ असेल तर रेफरी चुकला, तळहात असेल तर नाही. स्तिपानही मुकाट्याने मान्य करायचा. कारण सगळ्यांना कळत होतं. स्टेडियमवर चार हजार माणसं एकदम ओरडली की बघणाऱ्याला न दिसलेलंही दिसतं. कुझ्मा त्यातलं काही ऐकत नव्हता. त्याला फक्त पाय आणि चेंडू दिसायचे. रेफरीच्या शिट्टीचाही त्याच्यावर परिणाम नव्हता.

लोव्रेने एकदा हिशेब मांडला. दहा वर्षांत आमच्या मैदानावर कुझ्माने मूठ किती वेळा उगारली ते त्याला तोंडपाठ होतं. एकेचाळीस वेळा. त्यांतल्या सव्वीस चुका आमच्या फायद्याच्या होत्या.

“म्हणजे रेफरी पक्षपाती आहेतच,” लोव्रे म्हणाला. “फक्त तुझ्या बाजूचे आहेत, स्तिपान. चार हजार लोक कानाशी बोंबलले तर तोही माणूसच आहे.”

स्तिपानने सारडिनचा काटा बाजूला काढला. “आणि बाहेरच्या सामन्यांत? तिथे मोजलंत?”

“तिथे बार्बा येत नाही.”

“मग गप्प बसा.”

कुझ्मा दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत होता आणि त्याला हे सगळं आवडत होतं. ते मी स्पष्टच सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे. बहिऱ्या माणसाला लोक वगळतात. वाईट हेतू नसतो, पण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा कंटाळा येतो. बारशाला, मयताला, दुकानात, घरात सुद्धा माणसं त्याच्याशी दोन शब्द बोलून तोंड फिरवायची. आठवड्यात एकच वेळ अशी होती की तीस पुरुष बोलायचे थांबून त्याच्या हाताकडे बघत. त्या एका क्षणावर तो उरलेले सहा दिवस काढायचा. मला हे ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

मग रियेका शहराहून त्याची मुलगी येल्का आली, सोबत तीन वर्षांची नात. येल्का इस्पितळात परिचारिका. तिने सांगितलं, की आता ऐकण्याची नवी यंत्रं निघाली आहेत, बाबांच्या कानात थोडी धुगधुगी उरली आहे, तेवढी पुरेल. कुझ्मा नको म्हणाला. डोकं दुखेल म्हणाला, म्हाताऱ्याला काय करायचंय म्हणाला. खरं कारण मी जाणून होतो.

पण नातीचं काय करणार? मोठ्या माणसांचे ओठ त्याला वाचता यायचे. तीन वर्षांच्या पोरीच्या ओठांवर शब्द अजून बसलेले नसतात. ती त्याच्या मांडीवर चढून तासन्‌तास काहीतरी सांगायची आणि तो मान डोलवायचा. एक दिवस ती त्याला काहीतरी विचारून उत्तराची वाट बघत राहिली, तो मान डोलवत राहिला, आणि पोरगी रडायला लागली. त्या आठवड्यात तो येल्काबरोबर स्प्लिट शहराला जाऊन यंत्र बसवून आला.

खानावळीत खळबळ माजली. गावाला वाटलं, देवळातली मूर्ती कोणी हलवली.

“बार्बा, आता तुम्ही आमच्यासारखेच झालात की,” स्तिपान म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती.

“रविवारी काढून ठेवीन,” कुझ्मा म्हणाला. इतकी वर्षं स्वतःचा आवाज न ऐकल्यामुळे तो एकतर कुजबुजायचा नाहीतर गर्जायचा. हे त्याने गर्जून सांगितलं.

आणि तो काढूनही ठेवायचा. स्टेडियमच्या दरवाजाशी आल्यावर दोन्ही यंत्रं कानातून काढायची, रुमालात गुंडाळून खिशात टाकायची आणि मग आत शिरायचं. तिकिटं फाडणारा माणूसही ते होईपर्यंत थांबायचा. हंगामभर हे चाललं आणि निवाडे पूर्वीसारखेच लागत राहिले.

त्या वर्षी आम्ही वर जायच्या बेतात होतो. शेवटचा सामना आमच्या मैदानावर, डोंगरापलीकडच्या संघाशी. जिंकलो तर पहिल्या विभागात, नाहीतर पुन्हा आहोत तिथेच. गावात एक घर असं नव्हतं जिथे निळी चादर खिडकीतून लोंबत नव्हती. रेफरी होता शोश्तारिच नावाचा, उत्तरेकडचा एक शाळामास्तर. स्तिपानने त्याच्या सात पिढ्या शनिवारीच खणून काढल्या होत्या.

सामना कोरडा चालला. गोल नाही. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आमचा पोरगा चेंडू घेऊन बॉक्समध्ये घुसला, समोरून त्यांचा बचावपटू घसरत आला, आणि आमचा पोरगा पडला. स्टेडियम उठून उभं राहिलं. मी उठलो. माझ्या शेजारी कुझ्मा उठला. दोन्ही हात वर करून तो इतक्या जोरात ओरडला की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. शोश्तारिचने दोन्ही हात हलवून सांगितलं, खेळा पुढे. दोन मिनिटांनी सगळं संपलं. शून्य-शून्य.

मला तेव्हाच त्याच्या कानात यंत्र दिसलं होतं. मी मूग गिळून बसलो.

सोमवारी खानावळीत पाय ठेवायला जागा नव्हती. स्तिपानने फुटबॉल महासंघाला लिहायचं पत्र तयार केलं होतं. त्यात रेफरीला जन्मभर बंदी घालावी अशी मागणी होती, आणि खाली साक्षीदार म्हणून कुझ्माचं नाव घालायला जागा सोडली होती. लोव्रेही त्या दिवशी गप्प होता. त्याला स्वतःलाच खात्री नव्हती.

“हं, बार्बा,” स्तिपान म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातावर गेल्या. नेवेंका पेला पुसायची थांबली. कुझ्माने टेबलावरचा हात उचलला, त्या हाताकडे बघितलं, आणि परत टेबलावर ठेवला.

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे? माहीत नाही काय? तुम्ही समोरच होतात.”

“समोर होतो. पण तो माणूस घसरला, त्याच्या आधीच मी उठून ओरडत होतो. तुम्ही सगळे ओरडलात आणि मी ओरडलो. पाय मला दिसलाच नाही.”

मग स्तिपानने कागदाची हळूच घडी केली. मला वाटलं, आता हा माणूस त्याला खाणार. पण तो बाकावरून सरकला आणि शेजारची जागा हाताने झटकली.

“म्हणजे तुम्ही आमच्याबरोबर ओरडलात, बार्बा?”

“ओरडलो.”

“नेवेंका, बार्बाला वाइन दे! आणि पाणी घालू नकोस!”

हशा पिकला, पाठीवर थापा पडल्या, आणि कुझ्मा स्तिपानच्या शेजारी जाऊन बसला. मग वादाला तोंड फुटलं. पडला की पाडला, पाय लागला की नाही लागला, मास्तरला किती मिळाले असतील. तीस माणसं एकाच वेळी बोलत होती. कुझ्माने दोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं. एकदा हातही वर केला. कोणाचं लक्ष गेलं नाही. तो आता ऐकणाऱ्यांपैकी एक होता, आणि ऐकणाऱ्याचं ऐकायला तिथे कोणाला सवड होती?

उजेड असतानाच आम्ही दोघे बंदराच्या कडेने घरी निघालो. मला राग आला होता. कोणाचा, ते नक्की सांगता येत नव्हतं. बहुतेक त्याचाच. अकरा वर्षांत गावाला एक खरं बोलणारा हात मिळाला होता, आणि याने तो एका दुपारच्या गाफीलपणात घालवला.

“दरवाजाशी यंत्र काढायला विसरलास कसा?” मी विचारलं.

“विसरलो नाही.”

मी थांबलो. तो दोन पावलं पुढे जाऊन वळला.

“अकरा वर्षं गोल बघतोय, तोन्को,” तो म्हणाला. या वेळी आवाज कुजबुजता होता, त्याला वाटत असावं की नेहमीसारखाच आहे. “माणसं उड्या मारतात, तोंडं उघडी, म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून रडतात. मला सगळं काचेमागे. म्हटलं, या वेळी वर जाणारच आहोत. एकदा ऐकावं, आपलं गाव जिंकल्यावर कसं ओरडतं ते. मग पुढच्या हंगामापासून पुन्हा काढून ठेवीन.”

मी दोन पावलं टाकून त्याच्या बरोबरीला आलो.

“आणि गोल झालाच नाही,” कुझ्मा म्हणाला.