बरणीखालची मेणबत्ती

विज्ञानाच्या मास्तराजवळ किस्से साठतातच. तोच प्रयोग दर वर्षी करायचा आणि दर वर्षी तो नव्या तऱ्हेने फसायचा. किनवटकडच्या आमच्या निवासी शाळेत तर प्रयोगशाळा म्हणजे एक मेणबत्ती आणि एक काचेची बरणी. मेणबत्ती जळायला ऑक्सिजन लागतो, एवढं एकच सत्य आमच्या शाळेला परवडतं. बाकीची अजून संस्थेच्या मंजुरीसाठी पडून आहेत.

*

बरणीसुद्धा शाळेची नाही, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली, लोणच्याची. कितीही घासा, वास जात नाही. सहामाहीच्या पेपरात एका पोराने लिहिलं, 'बरणीत ऑक्सिजन कमी आणि तिखट जास्त झाल्यामुळे मेणबत्ती विझते.' मी अर्धा मार्क दिला. निम्मं तर बरोबरच होतं!

*

आमचे हेडमास्तर निलंग्याचे, विषय इतिहास. एकदा प्रयोग चालू असताना ते वर्गात येऊन उभे राहिले. पंख्यामुळे मेणबत्ती टिकेना, म्हणून मी पंखा बंद करायला लावला आणि वाऱ्याने ज्योत विझते असं पोरांना सांगितलं. मग बरणी झाकली. ज्योत विझली. हवा मिळाली नाही म्हणून विझली, असं सांगितलं. हेडमास्तर विचारात पडले.

"सर, वाऱ्यानं बी विझती, वाऱ्याबिगर बी विझती. लेकरांला एक काय ते ठरवून सांगा की."

एकही पोर हसलं नाही. हेडमास्तरांच्या बोलण्यावर हसलं की काय होतं, हे त्यांना विज्ञानापेक्षा पक्कं पाठ आहे.

*

संस्थाचालकांचा पुतण्या लातूरला क्लासला होता. सुट्टीत तो आमच्या पोरांना 'गायडन्स' द्यायला आला. ज्वलनाची व्याख्या त्याने एका दमात म्हणून दाखवली. आठवीतल्या सुनीताने विचारलं, बरणी मोठी घेतली तर मेणबत्ती जास्त वेळ जगेल का? पुतण्या म्हणाला, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. टाळ्या मात्र त्यालाच मिळाल्या, कारण हेडमास्तरांनी त्या सुरू केल्या होत्या.

*

मध्यंतरी गावातली टवाळ पोरं मुलींच्या वसतिगृहाच्या खिडक्यांशी घुटमळायला लागली. त्यांना हटकायचं कुणी? निवडणुकीत संस्थाचालकांना त्यांच्या बापांची मतं लागतात. मग संस्थेने खिडक्यांवरच बाहेरून पत्रे ठोकले. रात्री दाराला कुलूप, आत डासांची कॉइल. पोरी सकाळी डोकं धरून उठायला लागल्या. सुनीता तर एकदा प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येऊन पडली.

मी हेडमास्तरांकडे गेलो. निदान खिडक्यांची वरची पट्टी तरी मोकळी करा म्हणालो. माझा आवाज चढला होता आणि तो चढायलाच हवा होता.

"सेफ्टीचा मामला हाय, सर. पोरी नाटकं करायल्यात. आन् पत्रे काढायचेच असतील तर ऑर्डर वरून आणा."

मेणबत्तीसाठी मी वर्षातून एकदा बरणी उचलतो, त्याला ऑर्डर लागत नाही. संताप येतो तो याचाच.

*

मग नांदेडहून तपासणीचे साहेब आले. ऑर्डर देणारा माणूसच दारात आला म्हणून मला आशा वाटली. मी त्यांना वसतिगृहाकडे नेलं, पत्रे दाखवले, पोरींच्या डोकेदुखीचं सांगितलं. साहेबांनी एका पत्र्यावर टकटक करून पाहिलं. बंदोबस्त छान आहे म्हणाले आणि वर्गाकडे वळले.

वर्गात हेडमास्तरांनी आमचा एकुलता एक प्रयोग दाखवायला सांगितला. मी सुनीताला पुढे बोलावलं. तिने मेणबत्ती पेटवली, बरणी झाकली. ज्योत बारीक झाली आणि सुनीताने बरणी उचलली. ज्योत परत उभी राहिली.

घाबरली असेल, पुन्हा कर, असं साहेब म्हणाले. तिने पुन्हा झाकली. ज्योत वातीच्या टोकाशी आली तशी पुन्हा उचलली. हेडमास्तर माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"अगं, पूर्ण विझू दे ना. विझल्याशिवाय सिद्ध कसं होणार?"

सुनीताने बरणी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. ती काही केल्या खाली ठेवेना.

"पर सर," ती म्हणाली, "ती विझून राहिली व्हती."