म्हसोबाला डावं घालून

आमच्या सायकल ग्रुपचे किस्से सांगायला बसलं की लोक पोट धरून हसतात. एक सांगून होत नाही तोवर दुसरा आठवतो, कारण ग्रुपमधली वडीलधारी मंडळी दर रविवारी नवीन माल पुरवतात. मीही हसतो. पण हे सगळं घडत होतं तेव्हा मी तिथं उभा होतो, आणि खरं सांगतो, तेव्हा हसू आलं नव्हतं. तेव्हा लघवी आली होती.

आधी जागा समजून घ्या. परभणी म्हणजे ताटासारखा सपाट जिल्हा. झरी मागं टाकून जिंतूरच्या अंगाला गेलं की कुठं जमीन जरा वर उठते. तिथं एक टेकडी आहे, माथ्यावर शेंदूर लावलेला म्हसोबा. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं तेव्हा घरात तोंड दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी दोन महिने फावडं घेऊन त्या टेकडीभोवती माउंटन बाइकचा ट्रेल काढला. पूर्वेकडं बैलगाडीची जुनी वाट, हळूहळू चढणारी. पश्चिमेकडं उतार, नुसता मुरूम अन् दगड, आणि मधोमध बोराटीच्या आड एक वळण. त्या वळणापलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. उतरणाऱ्यानं ब्रेक दाबला तरी सायकल थांबत नाही, नुसती घसरते. म्हणून नियम एकच: पूर्वेनं चढायचं, पश्चिमेनं उतरायचं. उलटं कुणी यायचं नाही.

तिथं सगळ्यात जोरात उतरायची ती शिवकन्या. पेडगावची. आधी खो-खो खेळायची, मग माझ्या जुन्या सायकलवर बसली आणि परत उतरलीच नाही. तिचे माय-बाप दसरा झाला की उसतोडीला जातात. सायकलिंगच्या निवडीत आली तर क्रीडा होस्टेल, नाहीतर ह्या वर्षी तिच्याही हातात कोयता. उताराची प्रॅक्टिस करायला जवळपास दुसरी टेकडी नाही. आणि मला रोज एकच भीती: त्या वळणावर एक दिवस समोरून कुणीतरी येणार.

०

समोरून येणारे कोण? आमचेच अण्णा!

अण्णा म्हणजे ग्रुपचे अध्यक्ष. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. ट्रेल बघायला पहिल्यांदा आले, माझे दगडांवरचे पांढरे बाण बघितले आणि कपाळाला हात लावला.

"कुणाला विचारून काढलं हे?"

"का, काय झालं?"

"असं गेलं की म्हसोबा डाव्या हाताला येतो. देवाला डावं घालायलास का, अर्ध्या इंजिनिअर?"

मी दगड दाखवले, उतार दाखवला, वळण दाखवलं. अण्णा ऐकून घेतात, हा त्यांचा गुण. ऐकून घेतलं, सायकल वळवली आणि देव उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणेसारखे निघाले. म्हणजे थेट उताराच्या तोंडी! त्यांच्या मागं बाकीची सगळी मंडळी, लग्नाच्या वरातीसारखी.

सगळे चढून गेले असं समजून वळणावर वरून मी आलो. दाताचे डॉक्टर सायकल ढकलत वर येत होते. माझं पुढचं चाक त्यांच्या पोटापासून वीतभर अंतरावर थांबलं. कसं थांबलं ते मला आजही माहीत नाही.

डॉक्टर म्हणाले, "अरे, हॉर्न तरी वाजवायचा!"

०

मग मीटिंग झाली. चहा, भजे, आणि विषय: ट्रेलची दिशा. मी म्हणालो, एकतर सगळे असे जाऊ या, नाहीतर सगळे तसे. पण दोन्हीकडून आले तर माणूस मरंल.

अण्णांनी डोळे मिटून विचार केला आणि निर्णय दिला. "ज्यांची श्रद्धा हाय त्यांनी देव उजव्या हाताला ठेवावा. ज्यांची न्हाई त्यांनी डाव्या हाताला. कुणावर जबरदस्ती न्हाई."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किती समजूतदार माणूस!

हा माणूस आयुष्यभर कालवे खोदत होता. एकाच कालव्यात दोन्ही टोकांनी पाणी सोडा म्हणून ह्याला कुणी सांगितलं असतं, तर ह्यानं त्याला वेड्याच्या दवाखान्यात पाठवलं असतं.

०

डॉक्टरांची सायकल आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात महाग. दोन बोटांनी उचलते. पण तिला स्टँड नाही, कारण असल्या सायकलींना स्टँड नसतोच. डॉक्टरांना हे दुःख फार.

एका रविवारी शिवकन्या वर गेली होती, मी वळणाच्या खाली उभा. बघतो तर वळणावर, बरोबर वाटेच्या मधोमध, डॉक्टरांची सायकल आडवी. शेजारी दगडावर डॉक्टर, शेंगदाणे खायलेत.

"डॉक्टर, सायकल उचला! शिवकन्या निघालीय!"

"बाजूला काटे हायत रे. पंक्चर व्हायची."

"मग उभी धरा!"

"अन् शेंगदाणे कोण धरंल?"

तेवढ्यात वरून मुरूम ओरखडल्याचा आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखतो. मी ओरडलो, पण ओरडून काय होणार? शिवकन्या वळणातून आली, तिला सायकल दिसली, तिनं हँडल वर खेचलं आणि सरळ वरून उडी मारली. मागचं चाक डॉक्टरांच्या सीटला घासून गेलं. खाली जाऊन ती कशीबशी थांबली, परत चालत वर आली. ओठ पांढरे पडले होते. बोलली मात्र शांतपणे.

"डॉक्टरसाहेब, हितं कुणी बसत नसतंय."

डॉक्टर सीटवरून हात फिरवत होते. म्हणाले, "पोरी, ओरखडा पडला की गं!"

०

ह्या सगळ्या प्रकरणात शिस्तीनं वागणारी एकच जमात होती. मामांच्या शेळ्या.

मामा म्हणजे टेकडीखालच्या शेतातले म्हातारे, दिवसभर शेळ्या चारतात. डॉक्टरांच्या त्या प्रकारानंतर मी शिट्टी सुरू केली आणि मामांनाही सांगून ठेवलं: वरचा माणूस एकदा वाजवंल, वळणावर वाट मोकळी असली तर खालून मी दोनदा वाजवणार, मगच वरचा सायकल सोडंल. आठ दिवसांत शेळ्यांनी हे पाठ केलं. पहिली शिट्टी झाली की वाटेवरून आपोआप बाजूला!

मी म्हणालो, "मामा, तुमच्या शेळ्यांना कसं कळतंय अन् आमच्या लोकांना कसं कळत न्हाई?"

मामा म्हणाले, "शेरडाला जिवाचं भ्याव असतंय, बाबा. तुमची मान्सं पेन्शनीवर हायती."

०

आता जो किस्सा सांगतो, तो माझ्या खांद्यावर लिहिलेला आहे.

एका शनिवारी दुपारी अण्णा डबा आणि ब्रश घेऊन टेकडीवर गेले आणि माझे सगळे बाण उलटे करून आले. का? तर मीटिंगमध्ये ठरलं होतं, कुणावर जबरदस्ती न्हाई, आणि बाणांमुळं त्यांच्यावर जबरदस्ती होत होती!

रविवारी वालूरचे एक सर आले. नवीन माणूस, सभ्य. बाण बघून निघाले, म्हणजे बिचारे नियमानंच निघाले. त्यांच्या सायकलच्या दांडीवर छोटी सीट, त्या सीटवर चार वर्षांची पोरगी. लाल फ्रॉक.

मी वरून आलो. मला त्या दिवशी खाली शिट्टीला कुणी नव्हतं, ही माझी गलती, ती मी नाकारत नाही. वळणात शिरलो आणि समोर तो लाल फ्रॉक. विचार करायला वेळ नव्हता. मी हँडल डावीकडं टाकलं आणि बाभळीत गेलो. आधी काटे लागले, मग खोड. खांद्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज मीच ऐकला, वाळलेल्या तुराटीसारखा.

ती पोरगी टाळ्या वाजवून म्हणाली, "पप्पा, त्या काकाला परत पडायला सांगा ना!"

सर तिथंच खाली बसले. त्यांना उलटी झाली. नंतर महिनाभर त्यांनी सायकलला हात लावला नाही.

अण्णा दवाखान्यात भेटायला आले. सोबत केळी. पलंगाशेजारी बसले, माझा बरा हात हातात घेतला, आणि अगदी मायेनं म्हणाले,

"म्हणून सांगत होतो रे. देवाला डावं घालू नये!"

०

शेवटचा किस्सा निवड चाचणीचा.

निवडीसाठी पाच पोरी होत्या, आणि निवड करणाऱ्या साहेबांना उतार बघायचा होता. जागा ठरली आमचीच टेकडी. प्रत्येकीला एकच संधी. मी आठवडाभर आधी अण्णांच्या घरी गेलो. पहिल्यांदाच हात जोडले. अण्णा, रविवारी फक्त एक दिवस, ग्रुपमधलं कुणी उलटं येऊ देऊ नका. शिवकन्याचं सगळं त्या एका उतारावर आहे.

अण्णांनी छातीवर हात ठेवला. "माझा शब्द. एकही माणूस येणार न्हाई. पोरगी आमची बी हाय ना!"

रविवारी खरंच कुणी आलं नाही. डॉक्टर खाली उताराच्या शेवटाला उभे, बाकीची मंडळी त्यांच्याजवळ. सगळी शहाण्यासारखी. मी वळणावर, तोंडात शिट्टी. पहिला नंबर शिवकन्याचा. वरून एक शिट्टी आली. मी दोन्ही बाजू बघितल्या, पुढं जाऊन खालची वाट बघितली. मोकळी. दोनदा वाजवली.

वरून खाली यायला तिला मिनिट-सव्वा मिनिट लागतं. मी मागं वळलो, आणि खालच्या झुडपातून चालत, सायकल ढकलत, अण्णा बाहेर आले.

पायात चप्पल नाही. कपाळाला शेंदूर. ओठ हलायलेत.

"अण्णा! काय करायलाव? ती सुटली!"

"म्हायती हाय. तिच्यासाठीच करायलोय. पोरगी सुखरूप उतरावी, निवड व्हावी म्हणून नवस बोललोय. पाच प्रदक्षिणा, पहाटेच सुरू केल्यात. मधी बोलायला लावू नको."

"अण्णा, वाटेतून बाजूला व्हा!"

"प्रदक्षिणा मधीच सोडता येत न्हाई रे."

मुरूम ओरखडल्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा जोरात. ती आज ब्रेकला हातच लावत नव्हती, कारण वाट मोकळी आहे असं मीच तिला सांगितलं होतं.

मी अण्णांची सायकल उचलून वाटेशेजारच्या ओढ्यात फेकली. अण्णांना दोन्ही हातांनी बोराटीत ढकललं आणि त्यांच्या अंगावर आडवा झालो. मोडलेल्या खांद्यातून कळ डोक्यात गेली. डोळे मिटले. पाठीवर खडे बसले, कानाजवळून वारा गेला, आणि मग काहीच नाही. किती वेळ काहीच नाही! मी श्वास धरून वाट बघत होतो की आता किंकाळी ऐकू येणार.

खालून टाळ्या आल्या. डॉक्टरांचा आवाज सगळ्यात मोठा, "एक नंबर! एक नंबर उतरली रे पोरगी!"

मी अण्णांच्या अंगावरून बाजूला झालो. गालातून रक्त, शर्टाच्या चिंध्या, केसांत बोरं. मला वाटलं, आता तरी हा माणूस घाबरला असेल. आता तरी काहीतरी बोलेल.

अण्णांनी माझा हात धरून विचारलं, "कितवी चालू होती रे माझी?"

"मला काय म्हायती! तुमीच मोजत होता."

"तिसरी होती वाटतं. तू ढकललंस, मोडली." ते उठले, ओढ्यात उतरले, सायकल ओढून वर आणली आणि तिचं तोंड परत चढाकडं केलं. "आता पहिल्यापासून!"

वरून शिट्टी वाजली. दुसरी पोरगी तयार होती.